चिंच आणि तांब्याची नळी

माझ्या वडिलांना पेन्शनऐवजी मोटार मिळाली.

भोरचं संस्थान विलीन झालं आणि ज्या घराण्याकडे वडील कारभारी होते, ते घराणं थोड्याच दिवसांत पुण्याला राहायला गेलं. जाताना त्यांनी दोन चांगल्या मोटारी बरोबर नेल्या. तिसरी चढावर तापायची आणि सपाटीवर खोकायची. ती वडिलांना दिली. देताना रीतसर समारंभ झाला. मोटारीला झेंडूचा हार, वडिलांना फेटा आणि एक लांबलचक भाषण. मी तेव्हा नुकताच हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो होतो. भाषणात पेन्शनचा विषय कुठं येतो याकडे कान लावून मागच्या रांगेत उभा होतो. निष्ठा आली, परंपरा आली, पिढ्यान्‌पिढ्यांचे ऋणानुबंध आले. पेन्शन आली नाही. वडील मात्र कृतार्थ चेहऱ्यानं घरी आले. पुढच्या आठवड्यात म्हैस विकली आणि गोठ्यात मोटार बांधली. 'बांधली' हा आईचा शब्द.

"म्हैस दूध तरी द्यायची," आई म्हणाली.

"हिच्यातून मोठमोठी माणसं शिकारीला गेली आहेत," वडील म्हणाले.

"मग चाराही त्यांनाच घालायला सांगा."

मोटारीबरोबर गोठ्यात एक पाटीही आली. वडिलांनी कारभारी असताना रंगवून घेतलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'काटा पाहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नये.' काटा म्हणजे चालवणाऱ्याच्या समोर ज्या गोल तबकड्या असतात, त्यांतल्या उजवीकडच्या तबकडीतला. इंजिनातलं पाणी किती तापलं आहे ते तो दाखवायचा. रुपेरी तबकडी, तिच्यावर मुंगीच्या पायांसारखे बारीक काळे आकडे. शेवटचा आकडा दोनशेबारा, म्हणजे फॅरनहाइटमध्ये जिथं पाणी उकळतं तिथला. पूर्वी कधीतरी एका ड्रायव्हरनं पाहुण्यांच्या घाईत त्या काट्याकडे पाहिलं नाही. घाटात इंजिनाचा वरचा भाग तडकला आणि वडिलांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. पाटी त्यानंतरची. ड्रायव्हर पुढं एस.टी.त लागला. त्याला म्हातारपणी पेन्शन मिळणार, असं आई अधूनमधून काहीही कारण नसताना सांगायची.

वडील उतारवयात मोटार चालवायला शिकले, आणि बरी चालवायचे. संध्याकाळी नीरेच्या पुलापर्यंत जायचे आणि वळून परत यायचे. पेट्रोल तेवढंच परवडायचं. पुलावर लोक रामराम करायचे. त्यातला वडिलांना किती आणि मोटारीला किती, याचा हिशेब वडिलांनी कधी केला नाही. मी करायचो, पण मनातल्या मनात.

एका संध्याकाळी पुलावरच काटा एकदम खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही. वडिलांनी मोटार तिथूनच माघारी वळवली, गोठ्यात लावली आणि कोटाची बटणं काढता काढता म्हणाले, "काटा गेला. आता गाडी बाहेर काढता येणार नाही."

"पण चालतेय की," मी म्हटलं.

त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. आपणच लिहिलेल्या पाटीची माणसाला एवढी भीती वाटावी हे मला नवं होतं. पुढं सरकारी खात्यांशी संबंध आला तेव्हा त्याचं काही वाटेनासं झालं.

वर्षभर मोटार गोठ्यात उभी राहिली. वडील शनिवारी तिला पुसायचे, पितळ आणि तांबं घासून लखलखीत करायचे, महिन्यातून एकदा हँडल मारून जागच्या जागी चालू करायचे आणि बंद करायचे. घरात आम्ही तिघंच. कुणाला कुठं जायचंही नव्हतं. तसंच ते चालत राहिलं असतं.

कार्तिकात मावशीचा मुलगा निरोप घेऊन आला. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. तिला राजगडाखाली गुंजवण्याला दिली होती. नवरा कधीच गेलेला. मुलगा आणि सून भाताची शेती बघायची. मुलगा चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "आईचं उजवं अंग गेलं. झटका आला. बोलते, पण निम्मं कळत नाही. 'धाकटीला आणा' एवढं मात्र कळतं."

धाकटी म्हणजे माझी आई. तीन वर्षांपूर्वी ती नदीच्या घाटाच्या ओल्या पायरीवरून पडली होती. खुब्याचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. घरात ती भिंतीला धरून हिंडायची. एस.टी.ची पायरी तिला चढता येत नव्हती, आणि चढली असती तरी एस.टी. गुंजवण्याला जात नव्हती. पुढचा रस्ता बैलगाडीचा. बैलगाडीत बसून आई अर्धा कोस जरी गेली असती, तरी खुबा पुन्हा सुटला असता. डॉक्टरांनी तसं साफ सांगितलं होतं.

मुलगा गेल्यावर आई म्हणाली, "मला एकदा मोटारीतनं नेऊन आणा. आजपर्यंत तिच्यात बसले नाही. एवढं एकदा."

वडील म्हणाले, "काटा दुरुस्त होऊ दे. त्याच दिवशी निघू."

त्यांना ते मनापासून वाटत होतं, हीच अडचण होती. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू विज्ञान शिकवतोस ना? मग कर." आणि पुढं म्हणाली, "पावसाच्या आत. पाऊस लागला की साखर गावाच्या पुढं चिखल. मग दिवाळीपर्यंत मोटार जायची नाही. तोवर ती..."

कामात काही गूढ नव्हतं. तबकडीच्या मागून एक बारीक तांब्याची नळी निघते. ती इंजिनापर्यंत जाते आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा पितळी फुगा असतो. फुग्यात थोडं ईथर भरलेलं. इंजिन तापलं की ईथरची वाफ नळीतून वर दाबते आणि काटा ढकलते. थंड झालं की काटा खाली येतो. नळीला कुठंही सुईच्या अग्राएवढं भोक पडलं की वाफ बाहेर आणि काटा कायमचा आडवा. हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तकात ते सोपंही होतं.

एका रविवारी मी बॉनेट उघडून नळी सोडवली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. दोन ठिकाणी ती पत्र्याच्या पट्टीखाली दाबून बसवलेली होती. पट्टीखालचा भाग हिरवा-काळा आणि चांगला जाड होता. बाकीची नळी सोन्यासारखी चमकत होती, आणि निम्मी जाड होती. तडा चमकत्या भागात होता. एक नव्हे, चार.

मग कळलं. त्या घराण्यात मोटारखान्याचा शिरस्ता होता की दर शनिवारी मोटारीचं सगळं पितळ आणि तांबं चिंच आणि राख लावून घासायचं. पाहुणे आले की बॉनेट उघडून आतलं दाखवायची पद्धत होती. आत काय चालतं ते पाहुण्यांना कळायचं नाही, चकाकी तेवढी कळायची. शिरस्ता वडिलांनीच घातला होता आणि घरी आल्यावर स्वतःच्या हातांनी पाळला होता. वीस-एक वर्षांच्या शनिवारांनी नळी खाल्ली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "नळी घासून घासून झिजलीय."

"घासल्यानं तांबं झिजत नाही. उजळतं."

आई सोप्यात शेंगा सोलत होती. तिथूनच म्हणाली, "माझ्या पळीपंचपात्राचा तळ बघा. पलीकडचा देव दिसेल."

वडिलांनी चष्मा लावून नळी पाहिली. पट्टीखालचा जाड भाग पाहिला, चमकता भाग पाहिला, पुन्हा जाड पाहिला. मग नळी खिडकीत ठेवली आणि चष्मा पुसत बसले. मला वाटलं होतं, माझं म्हणणं खरं ठरलं की बरं वाटेल. वाटलं नाही. शाळेच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, त्या तपासत बसलो.

आधी मी तडे बुजवून नळीत नवं ईथर भरायचं ठरवलं. ईथर गावातल्या डॉक्टरांकडे होतं. भूल द्यायला ते वापरत.

"कुणाचं ऑपरेशन?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोटारीचं."

"पेशंटचं वय?"

"माझ्याएवढं असेल."

"मग भूल तुम्हालाच द्यावी लागेल," असं म्हणत त्यांनी लहान बाटली भरून दिली.

त्यांचं म्हणणं फारसं चुकलं नाही. नळीचं तोंड दाभणाच्या टोकाएवढं. त्यातून ईथर आत जाईना आणि बाहेर मात्र सगळीकडे गेलं. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन शनिवार मी झगडत होतो. दुसऱ्या शनिवारी हेडमास्तर दार उघडून आत आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही जरा वाऱ्यावर जाऊन या." मी वाऱ्यावर गेलो. परत आलो तर बाटली रिकामी होती आणि नळीतही काही नव्हतं. एक तडा बुजवला की शेजारी दुसरा बोलायचा. ती नळी आता नळी राहिलीच नव्हती.

माघात पुण्याला गेलो आणि जुन्या बाजारात हिंडलो. लढाईत वापरलेल्या लष्करी लॉऱ्या तेव्हा मोडीत निघत होत्या. त्यांचे भाग ढिगानं पडलेले असायचे. एका ढिगात मला हवा तो काटा मिळाला, नळी आणि फुग्यासकट. काळी, ओबडधोबड तबकडी. दुकानदाराच्या चहाच्या किटलीत फुगा बुडवून पाहिला, तर काटा सरसर वर गेला. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या एस.टी.त झोप लागली आणि मी पुढं जाऊन उतरलो.

घरी येऊन काटा टेबलावर ठेवला. "चार स्क्रू पिळले की झालं," मी म्हटलं. "उद्या बसवतो. रविवारी निघू."

वडिलांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हा कशाचा?"

"लॉरीचा."

"लॉरीचा," वडील म्हणाले. "म्हणजे हिच्या तोंडावर लॉरीचा डोळा बसवायचा?"

"डोळ्यानं दिसतंय ना?" आई म्हणाली. "मग बसवा की."

"तबकडी मूळचीच राहील. आत काय करायचं ते कर." एवढं बोलून वडील पूजेला गेले.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. भांडलो असतो तर त्यांनी मोटारीला हात लावू दिला नसता. चावी त्यांच्या जानव्याला होती. मी म्हटलं, "लॉरीची नळी कापून जुन्या तबकडीला जोडता येते."

"किती दिवस लागतील?"

"बर्फ मिळाला तर एक."

"आणि इथं बर्फ कुठला मिळतो?"

मिळत नव्हता. युक्ती अशी होती की लॉरीचा फुगा बर्फ आणि खडेमिठात पुरायचा. थंडीनं नळीतली सगळी वाफ आवरून फुग्यात उतरते आणि तिथं ईथर होऊन निजते. तेवढ्या वेळात नळी वरून कापायची, जुन्या तबकडीच्या तोंडाला जोडायची आणि कथलाचा डाख देऊन बंद करायची. बर्फ वितळला की ईथर बाहेर पडतं आणि सगळं मुसळ केरात. शाळा, शिकवण्या, वार्षिक परीक्षा यांतून सुट्टी मिळेपर्यंत चैत्र संपत आला. मधल्या काळात मावशीच्या मुलाचा आणखी एक निरोप आला. आता ती 'धाकटीला आणा' एवढंही रोज म्हणत नव्हती.

पुण्याहून बर्फ आणला तो लाकडाच्या भुशात आणि दुहेरी पोत्यात बांधून. एस.टी.चा कंडक्टर किकवीचा होता. अर्ध्या वाटेत त्यानं पाय वर उचलून घेतले.

"मास्तर, तुमचं पोतं रडाया लागलंय."

"बर्फ आहे."

"लग्नाचा?"

"नाही, मोटारीला लागतो."

"मोटारीला ताप आलाय व्हय?" सगळी एस.टी. हसली. मागून एक म्हातारी म्हणाली, "हसतायसा काय? माझ्या पायाला लई गार लागतंय, येऊ द्या वाईच हिकडं." भोरपर्यंत तिनं पोत्यावर पाय ठेवले होते. तिनं किती बर्फ वितळवला कोण जाणे, पण मला तिला नको म्हणवलं नाही.

उरला तो पुरला. कल्हईवाल्याकडून कथील आणि नवसागर आणला होता. जाळ ईथरपासून लांब राहावा म्हणून शेगडी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. तिथं डाखाची सळी तापवायची आणि अंगण ओलांडून धावत यायचं. आई ओसरीत खुर्चीवर बसून बर्फाच्या घमेल्यावर मीठ टाकत होती. नळी कापली आणि मी नाक जवळ नेलं. वास आला नाही. डाख पहिल्यांदा घरंगळला, दुसऱ्यांदा बसला. जोड दिसायला वाईट होता, वाटाण्याएवढा, काळा आणि ओबडधोबड, पण बंद होता.

पातेल्यात पाणी तापत ठेवलं, शाळेचा तापमापक त्यात सोडला आणि शेजारी फुगा. काटा थरथरला. मग चढत गेला. तापमापक आणि काटा हातात हात घालून चढत होते म्हणायला हरकत नाही. पाण्याला उकळी फुटली तेव्हा काटा दोनशेबाराच्या किंचित अलीकडे होता. वडील खाली वाकून बघत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते चटकन आत गेले.

"रविवारी," आतून आवाज आला. "उजाडताच."

शनिवारी दुपारी मी काटा मोटारीत बसवला आणि शिकवणीला गेलो. ऊन कलल्यावर परत आलो तर वडील ओसरीत कोट ब्रशानं झाडत होते. आईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. बहिणीसाठी मऊ लुगडं, मेतकुटाची पुरचुंडी, लिंबाचं मुरलेलं लोणचं. वडिलांनी मला पाण्याचा तांब्या दिला. त्यांच्या बोटांना चिंचेचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक. दवाखान्यासारखा.

मी तांब्या खाली ठेवला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवार होता. सासरच्या माणसांत जायचं होतं. काळा ओबडधोबड जोड त्यांच्या डोळ्यांत सलला असणार. हलक्या हातानंच घासला असणार. कथलाला तेवढंही सोसत नाही.

मी गोठ्यात गेलो. नळी लखलखत होती. जोडाला केसाएवढी फट होती. फुगा इंजिनातून काढून हातात धरला, तर हलका, रिकामा. पुन्हा बर्फ आणायचा म्हणजे पुढचा रविवार, तोही लॉरीचा दुसरा काटा मिळाला तर. आभाळ दोन दिवस दुपारी भरून येत होतं. मी फुगा परत बसवला आणि बॉनेट बंद केलं. सांगितलं असतं तर वडिलांना पाटी आड आली असती. न सांगता निघालो तर इंजिन गेलं असतं. दोन्हींतलं एकही निवडायचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, त्यांचं ते ठरवोत.

सकाळी वडील फेटा बांधून चाकामागं बसले. मी हँडल मारलं. आईला आम्ही दोघांनी धरून आधीच पुढच्या जागेवर बसवलं होतं. मग तिनं शांतपणे सांगितलं, "मागं पाण्याचा हंडा ठेव. आणि कळशी. आणि ओलं पोतं."

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"मला तहान लागते," आई म्हणाली.

वडील तबकडीकडे टक लावून बसले होते. काटा खालच्या खुंटीला टेकून पडलेला मला मागून स्पष्ट दिसत होता. इंजिन धडधडत होतं. वडिलांनी खाकरून घसा साफ केला.

"काटा पाहिला," ते मोठ्यानं म्हणाले. "ठीक आहे."

आणि मोटार फाटकाबाहेर काढली.

हमरस्त्यापर्यंत ते दर थोड्या वेळानं आकडा सांगत होते. "एकशे चाळीस." "एकशे साठ." कारभारी असताना पाहुण्यांना सांगत असावेत तशा आवाजात. चढ आला की आकडा वाढायचा, सपाटीवर उतरायचा. काटा चालू असताना त्यांनी इतकं बारकाईनं कधी वाचलं नव्हतं. नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो तसे ते प्रत्येक झाडाखाली थांबायला लागले. "इंजिनाला विसावा द्यावा लागतो," ते म्हणायचे. मी ओलं पोतं धरून रेडिएटरचं झाकण सैल करायचो, वाफ फुसफुसत निघायची, हंड्यातलं पाणी घालायचं. मार्गासनीला हंडा संपला.

पुढं चढाच्या मध्यावर नाकाला तापल्या लोखंडाचा वास आला. वडिलांनी मोटार बाजूला घेतली. ओढा कोरडा होता. मेंढरं घेऊन एक धनगर सावलीत बसला होता. मी त्याला विहीर विचारली. त्यानं दाखवली आणि दोन खेपा स्वतःही घातल्या.

"म्हातारबा, म्हस हाय व्हय ही?" तो वडिलांना म्हणाला. "मगाधरनं पाणीच पितीया."

"मोटार आहे. विलायती."

"विलायती असूंद्या. तान लागायचीच की." मग वाकून त्यानं आत तबकड्यांकडे पाहिलं. "ही घड्याळं कशाची वं?"

"ही वेगाची. ही तेलाची. आणि ही..." वडील अडखळले. "ही उष्णतेची."

"काय म्हनतंय त्ये?"

वडिलांनी चष्मा सारखा केला. "एकशे नव्वद," ते म्हणाले.

"मंग लई झालं आसंल," धनगर म्हणाला. "बसा वाईच." आम्ही बसलो. त्याच्या मेंढ्यांनी चाकांचा वास घेतला आणि त्या निघून गेल्या. आई मोटारीतून गडाकडे बघत होती. तिच्या माहेरच्या अंगणातूनही तो दिसायचा, पण दुसऱ्या बाजूनं.

गुंजवण्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मोटार बघायला गाव जमलं. वडिलांनी फेटा सारखा केला, पण बॉनेट उघडून दाखवलं नाही. मावशी ओसरीत बाजेवर होती. सुनेनं तिला उशांना टेकवून बसवलं होतं. आईला आम्ही दोघांनी धरून तिच्या उशाशी नेलं. मला वाटलं आता रडारड होईल. मावशीनं डावा हात उचलून आईच्या खुब्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" सुनेला कळेना.

"लंगडी, म्हणते," आई म्हणाली. "हिला लाज नाही. स्वतः आडवी पडलीय आणि मला लंगडी म्हणते."

मावशीचं निम्मं तोंड हसलं. त्यानंतर दुपारभर त्या दोघी बोलत होत्या. म्हणजे आई बोलत होती आणि मावशी मधेच एखादा शब्द घालत होती. बहुतेक सगळं जुनं भांडण होतं, त्यांच्या आईच्या एका पोवळ्याच्या माळेवरून. माळ कुणाकडे गेली यावर त्यांचं एकमत झालं नाही. आईनं मेतकूट-भात कालवून तिला भरवला. लोणचं चाटवलं तेव्हा मावशीनं डोळे मिटून घेतले.

वडील मात्र सारखे उठून विहिरीवर जात होते. कळशी आणायची, मोटारीत ओतायची, परत जायचं. मी दाराशी बसलो होतो. मावशीनं त्यांच्याकडे मान वळवली.

"हे... सारखे... विहिरीवर?"

आईनं आवाज खाली आणला. "काटा मेलाय त्यांचा. काल घासताना मेला. माझ्या डब्यातली चिंच कमी झाली तेव्हाच मला कळलं. आणि हाताला तो औषधाचा वास."

"मग?"

"मग काय? आणलं ना त्यांनी? तू काही बोलू नकोस. परत जायचंय त्याच गाडीनं."

मावशी बोलली नाही. वडील निरोप घ्यायला आले तेव्हा ती त्यांच्याकडे बघून फक्त डावा हात कपाळाशी नेऊ लागली. मोठ्या मेहुणीनं नमस्कार करायचा नसतो म्हणून वडील घाईघाईनं स्वतःच वाकले. निघताना आईनं बहिणीच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि आम्हाला म्हणाली, "धरा."

परतीला उतार जास्त होता. मला मागं झोप येत होती. झोपेत आकडे ऐकू येत होते. "एकशे पन्नास." "एकशे साठ." एकदा सपाटीवर वडील म्हणाले, "दोनशे." बहुधा दमले होते, हिशेब चुकला.

"नीट बघा," आई म्हणाली. "इतका नसेल."

वडील पुढं झुकले. तबकडीवर आता काही दिसण्याएवढा उजेड नव्हता.

"हो," ते म्हणाले. "एकशे पासष्ट. काच मळलीय."

मावशी त्या पावसाळ्यात गेली. निरोप चिखलातून चालत यायचा होता. तो आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आईनं आंघोळ केली आणि ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. दिवाळीनंतर मी वडिलांना विचारलं की लॉरीचा आणखी एक काटा बघू का. आता बर्फ आणायची माहिती झाली होती, जोडही या खेपेला चांगला बसला असता.

वडील गोठ्यात चिंचेचा कोळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "कशाला? काटा उत्तम चाललाय."

ओसरीतून आई म्हणाली, "हो. गुंजवण्यापर्यंत काही तक्रार नव्हती."